कृतीचे गद्य : शालेय तंत्रशिक्षण आणि मराठीतील तांत्रिक लेखन

१

मराठी गद्याच्या समीक्षेत निबंध, चरित्र, इतिहास, प्रवासवर्णन व ललितगद्य या प्रकारांचा परामर्श पुष्कळ वेळा घेतला गेला आहे. वाचकाने वाचून एखादे काम स्वतःच्या हाताने पार पाडावे एवढ्याच हेतूने जे गद्य लिहिले जाते, त्याच्याकडे मात्र समीक्षकांचे लक्ष क्वचितच गेले. यंत्रासोबत येणारी माहितीपुस्तिका, औषधाच्या वेष्टणातील पत्रक, तंत्रशाळेतील पाठ्यपुस्तक, विद्यार्थ्याची प्रयोगवही, पाककृतींचे पुस्तक ही सारी या गद्याची क्षेत्रे होत. त्यांना वाङ्मय म्हणावे की नाही हा वाद येथे अप्रस्तुत आहे. ती भाषेत लिहिलेली आहेत, आणि त्यांच्यातील वाक्य चुकले तर वाचकाचे काम बिघडते, प्रसंगी त्याला इजा होते. त्यांचे परीक्षण करण्यास एवढे कारण पुरेसे आहे. या गद्याला सोयीसाठी 'कृतीचे गद्य' असे म्हणता येईल.

या प्रश्नाला दोन व्यावहारिक बाजू आहेत. पुणे व बंगळूर येथील संगणक-उद्योगांत गेल्या तीन दशकांत 'टेक्निकल रायटर' या नावाचा एक व्यवसाय स्थिरावला. पदवीधर विद्यार्थी त्याकडे उपजीविकेचे साधन म्हणून पाहतात. परंतु तो जवळजवळ सर्वस्वी इंग्रजीत चालतो. दुसरीकडे महाराष्ट्रातील शाळांतून तंत्रशिक्षण देण्याचे प्रयत्न शतकाहून अधिक काळ होत आले आहेत, आणि ते बहुतांशी मराठी माध्यमातील मुलांसाठी झाले आहेत. म्हणजे जेथे हात मराठीत शिकतो तेथे लेखन शिकवले जात नाही, आणि जेथे लेखनाला मोल आहे तेथे मराठीला स्थान नाही. ही फारकत कशी पडली, तिचे परिणाम मराठी वाक्यावर कोणते झाले, आणि ती सांधण्याचा काही मार्ग शालेय तंत्रशिक्षणातून निघतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

तांत्रिक विषय मराठीतून शिकवण्याचा प्रयत्न इंग्रजी अमदानीच्या आरंभीच झाला होता. १८२० नंतरच्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली पाहणी व बांधकाम या खात्यांसाठी एतद्देशीय तरुण तयार करणारे विद्यालय चालत होते. जर्व्हिस यांनी पंडितांच्या साहाय्याने अंकगणित, भूमिती इत्यादी विषयांवरील पुस्तके मराठीत आणली. १८२६ मध्ये डॉ. मॅक्लेनन यांच्या नेतृत्वाखाली देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळाही मुंबईत निघाली. ती १८३२ मध्ये बंद पडली. पुढे १८४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शिक्षण मंडळात माध्यमाचा वाद पेटला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनी उच्च शिक्षणासाठी इंग्रजीचा पुरस्कार केला. जर्व्हिस, जगन्नाथ शंकरशेट आदी सभासदांनी देशी भाषांची बाजू मांडली. उच्च शिक्षणाचा प्रवाह पुढे कोणत्या दिशेने वाहिला हे सर्वज्ञात आहे.

या वादाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. दोन्ही पक्षांनी 'कोणाला, कोणत्या भाषेत, किती' या प्रश्नांची चर्चा केली. त्या भाषेत हे विषय लिहावयाचे तर वाक्य कसे असावे, हा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही. अनुवाद झाला म्हणजे पुस्तक झाले, अशी समजूत दोहोंकडे होती. पुढच्या दीडशे वर्षांतील तांत्रिक मराठीचा दोष येथे बीजरूपाने दिसतो.

शालेय पातळीवरील प्रयत्नांचा इतिहास असाच खंडित आहे. १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शाळेत साहित्यिक व व्यावहारिक असे दोन प्रवाह सुचवले. दुसरा प्रवाह विद्यापीठ-प्रवेशाच्या आकर्षणापुढे क्षीणच राहिला. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था सुरू झाली. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने व त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने बडोद्यास कलाभवन निघाले. तेथे देशी भाषांतून कलाकौशल्य शिकवण्याचा व त्यासाठी ग्रंथ सिद्ध करण्याचा जाणीवपूर्वक उद्योग झाला. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर मूलोद्योग हे शिक्षणाचे केंद्र मानण्यात आले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुद्देशीय शाळांची, तर १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवण्याची कल्पना मांडली आहे. या सर्व योजनांतील एक साम्य असे, की त्यांनी हात व बुद्धी यांचा मेळ घालण्याची भाषा केली, पण हाताने जे केले ते शब्दांत उतरवण्याच्या शिक्षणाचा विचार मुख्य अंग म्हणून केला नाही. चरखा, रंधा व कानस शाळेत आली. त्यांच्याविषयी लिहिण्याचे काम पाठ्यपुस्तकाच्या लेखकाकडेच राहिले.

३

तांत्रिक मराठीची चर्चा निघाली की ती परिभाषेवर येऊन थांबते, असा आजवरचा अनुभव आहे. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६१ मध्ये केंद्राने वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावलीचा आयोग नेमला. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली उभे राहिले. या कार्यामुळे विज्ञानातील सूक्ष्म भेद मराठीत मांडणे शक्य झाले, हे ऋण मान्य केले पाहिजे. वेग आणि त्वरण, उष्णता आणि तापमान, वस्तुमान आणि वजन हे भेद बोलीतील शब्दांनी नेमके दाखवता आले नसते. परिभाषेची ही टिंगल करणे सोपे असले तरी ती न्याय्य ठरणार नाही.

परंतु जेथे भेद बुद्धीने करावयाचा असतो तेथील नियम जेथे वस्तू हाताला लागते तेथे जसाच्या तसा लावण्यात आला, आणि तेथे चूक झाली. सुतार, गवंडी, लोहार यांची मराठी फार जुनी व समृद्ध आहे. मोल्सवर्थच्या कोशाची १८३१ ची आवृत्ती व १८५७ ची सुधारलेली आवृत्ती चाळली तरी कारागिरांच्या शब्दांची संख्या डोळ्यांत भरते. रंधा, पटाशी, गिरमीट, ओळंबा, ऐरण, सांडशी, छिन्नी, कानस हे शब्द केवळ वस्तूंची नावे नव्हेत. त्यांच्याभोवती क्रियापदे व कसोट्या यांचा संसार आहे. गवंडी भिंत 'ओळंब्यात' आहे असे म्हणतो, सुतार चौकट 'गुण्यात' आहे असे म्हणतो. गुण्या हे साधन, आणि गुण्यात असणे ही त्या साधनाने ठरणारी कसोटी. पाठ्यपुस्तकातील 'काटकोनात असणे' हा शब्दप्रयोग भूमितीच्या दृष्टीने निर्दोष आहे. पण कोन कशाने पाहावयाचा हे तो सांगत नाही. 'गुण्यात' हा शब्द ते सांगतो.

कारखान्याच्या बोलीने इंग्रजी शब्दांनाही असेच आपलेसे केले आहे. नट, बोल्ट, वॉशर हे शब्द मराठी फिटरच्या तोंडी मराठीच झाले. त्यांच्या सोबतीला 'आटे पाडणे' आणि 'आटे जाणे' ही अस्सल देशी क्रियापदे उभी राहिली. 'आटे गेले' या दोन शब्दांत बिघाडाचे निदान पुरे होते. पेचाच्या सर्पिल खाचा झिजून निकामी झाल्याचे वर्णन करणारे लांबलचक वाक्य कोशाला चालेल. पाना हातात धरलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही. तात्पर्य, संकल्पनेला परिभाषा आणि वस्तूला कामकऱ्याचा शब्द, अशी विभागणी मानली तर पुष्कळसा वाद आपोआप मिटतो.

४

तथापि शब्दांचा प्रश्न सुटला म्हणून गद्याचा प्रश्न सुटत नाही. तांत्रिक मराठीचे खरे दुखणे वाक्यरचनेत आहे. 'सर्वप्रथम विद्युत्पुरवठा खंडित करण्यात यावा' हे अशा लेखनातील नमुनेदार वाक्य घ्यावे. त्यातील प्रत्येक शब्द समजण्याजोगा आहे. पण 'करण्यात यावा' या कर्मणी घडणीमुळे काम कोणी करावयाचे ते नाहीसे झाले. 'खंडित' म्हणजे कोणती कळ दाबावयाची हे कळत नाही. आणि पुरवठा बंद झाला की नाही याची परीक्षाही सांगितलेली नाही. याच जागी 'आधी मेन स्विच बंद करा. मग तारेत वीज नाही याची टेस्टरने खात्री करून घ्या' ही दोन वाक्ये ठेवली तर कर्ता, कृती, साधन व कसोटी ही चारही अंगे पुरी होतात. पहिले वाक्य शासकीय परिपत्रकाच्या वळणावर गेले आहे. परिपत्रकात अधिकार बोलतो. कृतीच्या गद्यात शेजारी उभा असलेला जाणता माणूस बोलला पाहिजे.

मराठी भाषेची स्वाभाविक घडण या कामाला अनुकूल आहे, ही गोष्ट पुरेशी ओळखली गेलेली नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते व अट आधी येते. 'दाब पूर्ण उतरल्याशिवाय झाकण उघडू नका' या वाक्यात वाचकाच्या मनात प्रथम दाबाची जाणीव होते, मग झाकणाची. हेच वाक्य इंग्रजीवरून उतरवले की 'झाकण उघडू नका, जोपर्यंत दाब पूर्णपणे उतरत नाही' असे होते. व्याकरणाने त्याला फारसा आक्षेप घेता येणार नाही. पण अट मागे पडली, आणि घाईत अर्धेच वाक्य वाचणाऱ्याला ती भेटलीच नाही. 'ल्यावर', 'ताना', 'ईपर्यंत', 'ल्याशिवाय' हे प्रत्यय म्हणजे क्रम व मर्यादा सांगणारी मराठीची आयती हत्यारे आहेत. अनुवादित माहितीपत्रकांत ती गंजत पडलेली दिसतात.

भाषेच्या घडणीत काही धोकेही आहेत, आणि ते लेखकाला ठाऊक असले पाहिजेत. 'वीज बंद करून झाकण उघडू नका' हे वाक्य पाहावे. शेवटचा नकार फक्त 'उघडू' या क्रियेला लागतो, की 'बंद करून उघडणे' या सगळ्या कृतीला? एका अर्थाने वीज बंद करावयाची आहे, दुसऱ्या अर्थाने वीज बंद करणेच निषिद्ध आहे. बोलताना आवाजाचा आघात हा संशय दूर करतो. छापलेल्या ओळीला आवाज नसतो. 'ऊन' प्रत्ययान्त धातुसाधितांची साखळी क्रम सांगण्यास उत्तम. पण तिच्या शेवटी नकार आला की ती तोडून दोन वाक्ये केली पाहिजेत. विमान-उद्योगासाठी १९८० नंतरच्या दशकात सिद्ध झालेल्या सुलभीकृत तांत्रिक इंग्रजीच्या नियमावलीत कृतिवाक्याला वीस शब्दांची मर्यादा घातलेली आहे, आणि एका वाक्यात सामान्यतः एकच सूचना असावी असा दंडक आहे. मराठीला हे आकडे तसेच लावण्याचे कारण नाही, कारण मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून येत असल्याने शब्दसंख्या मुळातच कमी भरते. परंतु स्वतःच्या घडणीवरून असे नियम शोधून काढण्याचे काम कोणत्या तरी मराठी विभागाने हाती घ्यावयास हवे होते.

या संदर्भात एका उपेक्षित परंपरेचा उल्लेख आवश्यक आहे. मराठीतील सर्वांत यशस्वी कृतीचे गद्य कारखान्यात वा महाविद्यालयात जन्मलेले नाही. ते स्वयंपाकघरात जन्मले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० मध्ये व कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. 'रुचिरा'ने वाटी व चमचा ही प्रमाणे स्वीकारली, आणि नवख्या गृहिणीला तराजूवाचून काम करता आले. पाकशास्त्राच्या मराठीत 'तांबूस होईपर्यंत', 'तेल सुटेपर्यंत', 'एकतारी पाक' अशा कसोट्या आहेत. एकतारी पाकाची परीक्षा तापमापकाशिवाय दोन बोटांत होते, आणि ती शब्दाने एका पिढीकडून दुसरीकडे जाते. तंत्रशाळेच्या पाठ्यपुस्तकांना हा गुण क्वचितच साधला. विद्वानांनी या पुस्तकांकडे गद्य म्हणून पाहिले नाही, ही मराठी समीक्षेची एक उणीव मानली पाहिजे.

कारखान्याच्या बाजूने आलेला एक प्रयत्न याच जातीचा होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या ज्युबिली तंत्रसंस्थेत यांत्रिक आरेखन शिकवीत असत; पुढे त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते ही शेतकऱ्यांची समजूत आड आली. नांगर घडवणे एक, आणि तो वापरण्यास योग्य आहे हे शेतकऱ्याला पटवणे दुसरे, याचा धडा या उद्योगाने घेतला. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. त्याचा आरंभ कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्यासाठी झाला, आणि त्यातून पुढे एक मोठे सामाजिक मासिक उभे राहिले. वाङ्मयेतिहासात या मासिकाचे सामाजिक कार्य नोंदले जाते. त्याचे मूळ तांत्रिक संवादात आहे, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

५

कृतीच्या गद्यातील उणीव किती महाग पडू शकते हे पाहण्यासाठी कीटकनाशकाच्या वेष्टणाकडे वळावे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार अशा वेष्टणासोबत माहितीपत्रक असावे लागते, आणि त्यातील मजकूर प्रादेशिक भाषेतही द्यावा लागतो. याखेरीज वेष्टणावर एक तिरपा चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा वा हिरवा रंग विषारीपणाची उतरती श्रेणी दाखवतो. कायद्याच्या दृष्टीने संवाद येथे पूर्ण झाला.

वाचनाच्या दृष्टीने पाहिले तर तो सुरूही झालेला नसतो. घडी घातलेल्या पातळ कागदावर अनेक लिपींत, बारीक टायपात छापलेला मजकूर शेताच्या बांधावर वाचला जाईल अशी अपेक्षा कोणी धरली असेल असे वाटत नाही. रंगांची भाषा तर उलटा अर्थ सुचवू शकते. हिरवा रंग रस्त्यावरच्या दिव्यात 'जा' असे सांगतो. पिकाचा रंगही हिरवाच. ज्याला ही श्रेणी कोणी शिकवलेली नाही, त्याने हिरव्या त्रिकोणाचा अर्थ 'निर्धोक' असा घेतला तर दोष त्याचा म्हणता येणार नाही. वस्तुतः हिरव्या त्रिकोणाच्या वेष्टणातही विषच असते, फक्त त्याची तीव्रता तुलनेने कमी असते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले, आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. या दुर्घटनेला अनेक कारणे होती. माणसाच्या उंचीपर्यंत वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणे, यांत्रिक पंप, संरक्षक साधनांचा अभाव आणि मजुरीची निकड या सर्वांचा त्यात वाटा होता. पत्रक सुबोध असते तर सर्व जीव वाचले असते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या मुलांनी त्या जिल्ह्यातील शाळांत आठ-दहा वर्षे मराठी शिकली, त्यांना वेष्टणावरील सूचना वाचून घरच्या माणसांना समजावण्याचे शिक्षण कोणत्या तासाला मिळाले होते, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार समीक्षेला आहे. त्याचे उत्तर समाधानकारक नाही.

६

शाळेत तांत्रिक लेखनाचे बीज नाही असे नव्हे. विज्ञानाच्या प्रयोगवहीत 'साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान' असे चार मथळे पिढ्यान्पिढ्या चालत आले आहेत. कृतीच्या गद्याचा याहून चांगला सांगाडा शोधूनही मिळणार नाही. परंतु व्यवहारात 'कृती' फळ्यावरून उतरवली जाते, 'निरीक्षण' प्रयोगाआधीच ठाऊक असते, आणि 'अनुमान' पाठ असते. मुलाने स्वतः जे पाहिले व जेथे चूक केली, ते वहीत येत नाही. आलेच तर गुण कापले जातात. मराठीच्या तासाला उपयोजित लेखन म्हणून पत्र, जाहिरात, बातमी, सारांश हे प्रकार रूढ झाले आहेत. एखादी कृती अशी लिहावी की ती वाचून दुसऱ्याला करता यावी, हा प्रकार रूढ झालेला नाही. अशा रीतीने प्रयोगवहीला भाषेचा शिक्षक लाभत नाही, आणि भाषेच्या वहीला प्रयोग लाभत नाही.

या पार्श्वभूमीवर पाबळच्या विज्ञान आश्रमाचे कार्य विशेष लक्षणीय ठरते. डॉ. श्रीनाथ कालबाग (१९२८–२००३) हे अन्नतंत्रज्ञानातील संशोधक. उद्योगातील संशोधनकार्य सोडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ येथे हा आश्रम सुरू केला. शाळेतील आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामात घालवावा, आणि ते काम गावाला उपयोगी पडणारे असावे, ही त्यांची भूमिका होती. त्यातून सिद्ध झालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य अशा चार विभागांत मांडलेला आहे, आणि राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला मान्यता दिली. २००२ मध्ये याच खेड्यात अमेरिकेबाहेरील अगदी पहिल्या फॅब-लॅबपैकी एक उभी राहिली.

या अभ्यासक्रमाचा तंत्रशिक्षण म्हणून गौरव पुष्कळ झाला आहे. भाषेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. जे काम गिऱ्हाइकासाठी करावयाचे, त्याचा आराखडा काढावा लागतो, साहित्याची यादी करावी लागते, खर्चाचा अंदाज द्यावा लागतो, आणि काम झाल्यावर ते कसे वापरावे हे सांगावे लागते. म्हणजे लेखनाची गरज कामातूनच निर्माण होते. परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधाचा वाचक परीक्षक एकटाच असतो, आणि त्याला विषय आधीच ठाऊक असतो. पाण्याची टाकी बांधून देणाऱ्या मुलाच्या टिपणाचा वाचक टाकीचा मालक असतो, आणि टिपण चुकले तर तो दुसऱ्या दिवशी शाळेत येतो. लेखनशिक्षणाला याहून सच्चा वाचक मिळणे कठीण आहे.

तथापि येथेही एक संधी हातची जात असल्याचे दिसते. तंत्राचा निदेशक टाकी तपासतो. टिपणातील वाक्य तपासणे हे त्याचे काम मानले जात नाही. मराठीचा शिक्षक निबंध तपासतो. कार्यशाळेत पाऊल टाकणे हे त्याचे काम मानले जात नाही. हे दोघे महिन्यातून एक तास जरी एकत्र आले, तरी परीक्षेची एक सोपी व कठोर पद्धत सिद्ध होऊ शकेल. एका मुलाने कृती लिहावी. ज्याने ते काम पूर्वी केलेले नाही अशा दुसऱ्या मुलाने केवळ ती वाचून काम करावे. लेखकाने शेजारी उभे राहावे, पण तोंडाने एक शब्दही सांगू नये. दुसरा मुलगा जेथे अडेल तेथे लेखकाचे वाक्य चुकले आहे असे समजावे. सायकलचे पंक्चर काढणे, प्लगची तार जोडणे, कलम बांधणे हे विषय या परीक्षेस पुरेसे आहेत. प्लगच्या कामात वीज जोडण्यापूर्वी निदेशकाने तपासणी करावी, एवढी दक्षता मात्र अवश्य घ्यावी. या परीक्षेत अलंकारिक भाषेला गुण मिळणार नाहीत, आणि घोकंपट्टीलाही मिळणार नाहीत.

७

यावर मुख्य आक्षेप उपजीविकेचा येईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तांत्रिक लेखनाचा मोबदला इंग्रजीत मिळतो. मराठीत कृती लिहिण्यास शिकून मुलाचे पोट कसे भरेल, असे विचारले जाईल. याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की या व्यवसायाचे मर्म भाषेच्या अलीकडे आहे. काम पाहणे, त्याचे टप्पे पाडणे, वाचकाला काय ठाऊक नाही ते ओळखणे, धोक्याची सूचना कृतीच्या आधी ठेवणे, ही शिस्त ज्याच्या अंगी मातृभाषेत बाणली त्याला ती दुसऱ्या भाषेत नेता येते. ज्याच्या अंगी ती नाही, त्याचे इंग्रजी कितीही सफाईदार असले तरी पुस्तिका निरुपयोगीच राहते. दुसरे असे, की मराठीतील मागणी अगदीच नाही असे नाही. शेती, आरोग्य, वीज, बँका व स्थानिक प्रशासन यांचा सर्व व्यवहार अखेरीस मराठी वाचकाशी येऊन भिडतो. २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीसह अनेक भारतीय भाषांतून देण्यास परवानगी दिली आहे. त्यासाठी लागणारी पुस्तके जर १८२० नंतरच्या दशकातील पद्धतीनेच, म्हणजे वाक्यामागून वाक्य उतरवून तयार झाली, तर त्या प्रयोगाचे भवितव्यही निराळे असण्याचे कारण नाही.

मात्र विद्यार्थ्याला खोटी आशा दाखवणे योग्य नव्हे. हा व्यवसाय आज स्वतःच अस्थिर आहे. १९४९ मध्ये बायनॅक या संगणकासाठी जोसेफ चॅपलाइन यांनी वापराची पुस्तिका लिहिली. तेथपासून संगणकाच्या क्षेत्रातील तांत्रिक लेखनाचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. याच मध्यशतकात अमेरिकेत या लेखकांच्या संघटनाही उभ्या राहिल्या. त्यांतून वाढलेली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही संस्था २०२५ च्या आरंभी दिवाळखोरीमुळे बंद झाली. २०२२ च्या अखेरीपासून मजकुराचा मसुदा लिहिणाऱ्या संगणकीय साधनांचा प्रसारही झपाट्याने झाला आहे. ही साधने मराठी वाक्य जुळवू शकतात. परंतु त्या वाक्याप्रमाणे काम करून पाहिले असता ते तडीस जाते काय, याची परीक्षा कोणीतरी हाताने करावीच लागते. तेव्हा नुसते वाक्य लिहिणाऱ्याची गरज कमी होण्याचा संभव आहे. काम व वाक्य दोन्ही पारखणाऱ्याची गरज मात्र त्यामुळे कमी होत नाही. शालेय तंत्रशिक्षणातून असा माणूस तयार होऊ शकतो, आणि निव्वळ भाषेच्या वर्गातून तो होत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

राहता राहिला विद्यापीठातील मराठी विभागांचा प्रश्न. बोलींचा, लोकगीतांचा, संतवाङ्मयाचा अभ्यास या विभागांनी निष्ठेने केला आहे. कार्यशाळांतील बोलीचा तसा अभ्यास झाल्याचे फारसे आढळत नाही. आणि सुतार-लोहारांची जुनी पिढी मावळत असताना त्यांचे शब्दही त्यांच्याबरोबर चालले आहेत. तालुक्याच्या गावी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, रस्त्याकडेला गॅरेज आहे, कृषी सेवा केंद्रात पत्रकांचा ढीग आहे. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधिकेसाठी वीस पत्रके गोळा करावीत, त्यांतील वाक्ये तपासावीत, ती ज्याच्यासाठी लिहिली त्या वाचकाला वाचावयास द्यावीत आणि तो कोठे अडतो हे नोंदवावे. या कामास मोठ्या साधनसामग्रीची आवश्यकता नाही. त्यातून मराठी वाक्याविषयी जे कळेल ते व्याकरणाच्या ग्रंथांतही सहसा सापडणार नाही. आणि अशा वीसांपैकी एक पत्रक जरी सुधारून पुन्हा छापले गेले, तरी त्या प्रबंधिकेचे सार्थक झाले असे मानता येईल.